देवाची क्षमा आणि बहिणीचा वाटा

पार्श्वभूमी

हे प्रकरण इंदूरच्या एका मराठी घरातलं आहे. मी घरगुती वादांत मध्यस्थीचं काम करते, त्यातून ते माझ्याकडे आलं. नावं गाळली आहेत, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, आणि लिहिण्याआधी दोन्ही बाजूंना विचारलं आहे. थोरल्या बहिणीला इथे अक्का म्हणते, धाकट्या भावाला अण्णा.

वडील मिलमध्ये कारकून होते. सुदामा नगरात त्यांनी एक प्लॉट घेऊन ठेवला होता. आई आधीच गेलेली. वडील १९९५ मध्ये वारले तेव्हा मृत्युपत्र नव्हतं आणि वारस दोघंच होते. मुलींना हक्क २००५ नंतर मिळाला असं आजही सर्रास बोललं जातं, पण ती दुरुस्ती एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मिळकतीबद्दल होती. वडिलांच्या स्वकष्टाच्या मालमत्तेत मुलीचा वाटा १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यापासूनच मुलाइतका आहे. म्हणजे निम्मा प्लॉट अक्कांचा होता.

अण्णांनी कॅथलिक मुलीशी लग्न केलं होतं. वहिनी मूळच्या वसईच्या, इंदूरला नर्स म्हणून आलेल्या. त्या लग्नाला वडील गेले नाहीत, काका-मामा गेले नाहीत. घरच्यांतून एकट्या अक्का गेल्या. पुढे काही वर्षांनी अण्णांनी बाप्तिस्मा घेतला, तेव्हाही भावाशी बोलणं न सोडणाऱ्या त्याच होत्या. धर्म बदलला म्हणून अण्णांचा वाटा बुडाला असं काही नातेवाईक म्हणत. ते चुकीचं होतं. १८५० च्या कायद्यानंच धर्मांतर केल्यामुळे वारसा जात नाही असं ठरवून टाकलेलं आहे.

१९९६ मध्ये अण्णा अक्कांना रजिस्ट्री ऑफिसात घेऊन गेले. बाबांच्या फंडाचे कागद आहेत, सही लागेल, एवढंच सांगितलं. अक्का तेव्हा विधवा होत्या, मुलगा शाळेत होता, आणि कागद कचेरीच्या हिंदीत होता. तो हक्कत्यागाचा कागद होता. त्याची झेरॉक्स मी पाहिली आहे. खाली अक्कांची गोल, शाळेतल्यासारखी मराठी सही आणि शेजारी अंगठ्याचा ठसा. सही येत असताना अंगठा कशाला, असं त्यांनी विचारलं होतं म्हणे. अण्णांनी "पद्धत असते" म्हटलं आणि नंतर स्वतःच्या रुमालानं त्यांचा अंगठा पुसून दिला. अक्कांना ते अजून आठवतं.

पुढे त्या प्लॉटवर अण्णांनी बँकेचं कर्ज काढून घर बांधलं. अक्का रामबागेत भाड्याच्या दोन खोल्यांत राहिल्या. बाबांनी प्लॉट अण्णाच्या नावावर करून दिला असावा, अशीच त्यांची समजूत होती.

प्रश्न कुठे उभा राहिला

अण्णांना कॅन्सर झाला, आणि तो कळला तोवर फार पुढे गेला होता. त्यांनी अक्कांना बोलावून घेतलं. खोलीत वहिनी होत्या, अक्कांचा मुलगा होता, दोन चुलत भावंडं होती. सगळ्यांसमोर अण्णा म्हणाले, "अक्का, त्या कागदाचं मी फादरजवळ सगळं कबूल केलंय. देवानं मला माफ केलं. आता तूही माफ कर, म्हणजे मी मोकळा होईन."

अक्कांना कागदाचं सत्य त्या क्षणी कळलं. त्या म्हणाल्या, "तुझ्या देवाचं काय गेलं होतं रे? गेलं ते माझं." आणि निघून गेल्या.

त्या रात्री घराण्याच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर भाच्यानं, म्हणजे अक्कांच्या मुलानं, लिहिलं की यांचं बरं आहे, आयुष्यभर लुबाडायचं आणि शेवटी फादरच्या कानात सांगून मोकळं व्हायचं. मग काय, जुनं धर्मांतर निघालं, वसई निघाली, कोण कुणाच्या मयताला आलं नव्हतं तेही निघालं. फसवणुकीचा प्रश्न बाजूला पडला आणि कोणाचा धर्म स्वस्तात माफी देतो यावर वाद रंगला. चार दिवसांनी वहिनींचा मला फोन आला.

अण्णांच्या धर्मात क्षमा कशी मिळते

आधी हे समजून घेणं भाग होतं, कारण भाच्याचा आरोप खरा असेल तर मध्यस्थीला अर्थच उरत नव्हता.

अण्णांची श्रद्धा खोटी नव्हती. त्यांना बायबलच्या स्तोत्रसंहितेतलं एक्कावन्नावं स्तोत्र पाठ होतं. दाविद राजानं आपल्या सैनिकाची, उरियाची, बायको घेतली, उरियाला लढाईत मारवलं, आणि नंतर देवापुढे म्हटलं की मी तुझ्याविरुद्ध, केवळ तुझ्याविरुद्ध पाप केलं आहे. अण्णांचं म्हणणं या एका ओळीवर उभं होतं. पाप शेवटी देवाविरुद्धच असतं, ते माणसाला आपल्या पुण्याईनं फेडता येत नाही, ख्रिस्तानं क्रुसावर त्याची किंमत दिली आहे, म्हणून क्षमा ही देणगी आहे. कमावायची गोष्ट नाही. हा ख्रिस्ती धर्माचा गाभाच आहे, आणि त्यात कॅथलिक-प्रोटेस्टंट असा भेद नाही. भेद आहे तो वाटेत. प्रोटेस्टंट माणूस थेट देवाजवळ कबुली देतो. कॅथलिक माणूस धर्मगुरूसमोर पाप सांगतो. १२१५ च्या लॅटरन परिषदेपासून वर्षातून निदान एकदा ते करणं त्याच्यावर बंधनकारक आहे.

मी फादरना भेटले. त्यांनी पहिल्या वाक्यातच सांगितलं की कबुलीजबाबात काय बोललं गेलं हे तर नाहीच, पण अमुक माणूस आला होता की नाही हेही मी सांगणार नाही. ते गुपित फोडणारा धर्मगुरू त्या क्षणी आपोआप बहिष्कृत होतो, इतका तो नियम कडक आहे. मग मी म्हटलं, अण्णांचं राहू द्या, चोरी करणाऱ्या कोणाही माणसाबद्दल तुमचा धर्म काय सांगतो ते सांगा.

त्यावर ते खूप वेळ बोलले. कॅथलिक शिकवणीप्रमाणे या संस्कारात पश्चात्ताप, कबुली आणि भरपाई हे तिन्ही लागतं. धर्मगुरूच्या शब्दानं पाप जातं, पण पापानं केलेलं नुकसान जात नाही. चोरलेलं परत करणं, बदनामी केली असेल तर ती पुसणं, हे शक्य असेल तितकं करावंच लागतं. जक्कयाची गोष्ट त्यांनी सांगितली. लोकांना नाडणारा जकातदार. येशू आपण होऊन त्याच्या घरी उतरला, तेव्हा तो उभा राहून म्हणाला की अर्धी मालमत्ता गरिबांना देतो आणि ज्याचं अन्यायानं घेतलं त्याला चौपट परत करतो. आणि मत्तयाच्या शुभवर्तमानातलं वचन: वेदीपाशी दान घेऊन आलास आणि भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे असं आठवलं, तर दान तिथेच ठेव, आधी त्याच्याशी समेट कर, मग ये.

दाविदाच्या गोष्टीतही स्तोत्राच्या आधी नाथान संदेष्टा येतो. तो राजाला एका गरिबाच्या मेंढीची गोष्ट सांगतो, आणि ती लुबाडणाऱ्या श्रीमंतानं चौपट भरपाई द्यावी असा निकाल राजा स्वतःच्या तोंडानं देतो. अण्णांना स्तोत्र पाठ होतं. हा निकाल मात्र त्यांनी स्वतःला कधी लावून पाहिला नव्हता.

अक्कांची बाजू, आणि बाकीचे धर्म

अक्कांशी बोलायला मी रामबागेत गेले. त्या चिडलेल्या नव्हत्या, थकल्या होत्या. त्यांनी जे सांगितलं त्याहून नेमकं मला कुठल्या ग्रंथात सापडलेलं नाही. "तुकोबांनी कर्जखतं इंद्रायणीत बुडवली ना? पण आधी वाटणी केली. भावाच्या, कान्होबाच्या, वाट्याची खतं त्याच्या हातात दिली आणि आपल्या वाट्याची तेवढी बुडवली. माझं खत दुसऱ्यानं कसं बुडवायचं, तो देव का असेना?"

हा प्रश्न प्रत्येक धर्माला पडलेला आहे. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात कमी मोलाच्या वस्तूंच्या चोरीला सांतपन कृच्छ्र हे प्रायश्चित्त आहे, पण घेतलेली वस्तू परत देऊन मगच ते करायचं आहे. ज्यू परंपरेत मिश्ना हा जुना नियमग्रंथ स्पष्ट सांगतो की योम किप्पूरचा, म्हणजे प्रायश्चित्ताचा, दिवस माणूस आणि देव यांच्यातली पापं फेडतो. माणसामाणसांतली तेव्हाच फिटतात, जेव्हा दुखावलेल्याची समजूत काढलेली असते. इस्लाममध्ये अल्लाहचे हक्क आणि बंद्यांचे हक्क वेगळे मानले आहेत. तौबेसाठी, म्हणजे पश्चात्ताप करून देवाकडे वळण्यासाठी, पाप सोडणं, पस्तावणं आणि पुन्हा न करण्याचा निश्चय करणं लागतं, आणि कुणाचा हक्क मारला असेल तर तो परत करणं किंवा त्याच्याकडून माफ करून घेणं. शहीदाचं सगळं माफ होतं, कर्ज सोडून, असं हदीस सांगते.

बौद्ध आणि जैन मार्गांत क्षमा करणारा देवच नाही. माणसं मारणारा अंगुलिमाल पुढे भिक्षू होऊन अर्हत म्हणजे मुक्त झाला, तरी भिक्षेला गेला की लोकांचे दगड खाऊन, डोकं फुटून परत यायचा, आणि बुद्धानं त्याला ते सोसायलाच सांगितलं. अक्कांच्या शेजारचे वकीलकाका जैन आहेत. संवत्सरीला सगळ्या ओळखीच्यांना "मिच्छामि दुक्कडं" म्हणून चुकांची माफी मागणारा माणूस. ते म्हणाले, "ताई, त्यानं मन साफ होतं. उधारी साफ होत नाही, हे आमच्या बाजारात लहान मुलालाही ठाऊक आहे."

तरीही भाच्याचा आरोप मला अन्यायाचा वाटला आणि मी त्याला तसं सांगितलं. आपल्याकडे सिंहस्थात क्षिप्रेत बुडी मारली की सात जन्मांचं पाप गेलं, असं उज्जैनहून परतणारे मोठ्या समाधानानं सांगतातच की. मरताना मुलाला हाक मारली आणि नारायणाचं नाव तोंडी आलं म्हणून तरलेला अजामिळ आपल्याच भागवतात आहे. सर्व पापांतून तुला सोडवीन, शोक करू नकोस, हे गीतेच्या अठराव्या अध्यायात कृष्ण म्हणतो. कृपेचा मार्ग आपल्या भक्तिपरंपरेतही तितकाच रुंद आहे. आणि त्याचा बाजार मांडला गेला तेव्हा ख्रिस्ती लोकांतूनच विरोध उठला. मार्टिन ल्यूथरनं १५१७ मध्ये क्षमापत्रांच्या विक्रीवर पंच्याण्णव विधानं लिहिली ती याच संतापातून.

फरक आहे, पण भाचा म्हणतो तिथे नाही. प्रायश्चित्ताच्या आणि तौबेच्या मार्गात परतफेड आधी, मोकळीक नंतर. ख्रिस्ती मार्गात देव आधी स्वीकारतो आणि परतफेड त्या स्वीकारातून यायला हवी. येशू जक्कयाच्या घरी गेला तेव्हा त्यानं अजून एक पैसाही परत केला नव्हता. या क्रमात मोठं बळ आहे. ज्याला भीती राहिलेली नाही तोच खरं बोलू शकतो, आणि अण्णा तीस वर्षांत पहिल्यांदा खरं बोलले ते त्याच बळावर. धोकाही त्याच क्रमात आहे. पहिलं पाऊल इतकं सुखाचं असतं की माणूस दुसरं टाकायचं विसरतो.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय वहिनींचा होता: अक्कांना समजवा. येशूनं पेत्राला सत्तर वेळा सात क्षमा करायला सांगितलं, त्या का करणार नाहीत? मी तो तिथेच नाकारला. ती आज्ञा जो मानतो त्यानं स्वतःवर घ्यायची आहे. ती दाखवून दुसऱ्याकडून, तेही लुबाडल्या गेलेल्या माणसाकडून, क्षमा वसूल करता येत नाही.

दुसरा, अक्कांच्या नावानं देवळात किंवा अनाथाश्रमात दान द्यायचं. यात देणाऱ्याला बरं वाटलं असतं. अक्कांचं भाडं तसंच राहिलं असतं.

तिसरा, कोर्ट. वकीलकाकांनी सांगितलं की फसवून घेतलेला कागद रद्द करून घ्यायला मुदत तीन वर्षांची, पण ती फसवणूक कळल्यापासून मोजतात. म्हणजे अण्णांनी आपल्या कबुलीनं अक्कांच्या हाती दाव्याचा हक्क दिला होता. भाच्याला हेच हवं होतं. अक्कांना नको होतं: "तारखा घेत मी मरेन." बंद पडलेल्या मिलच्या कामगारांना तीन दशकांनी देणी मिळालेली इंदूरनं पाहिली आहेत, त्यातले किती जण तोवर हयात नव्हते तेही. त्यांना समजावायला माझ्याकडे काही नव्हतं.

चौथा, परतफेडीचा लेखी करार. त्यात किती आणि कोणत्या भावानं हा खरा पेच. १९९६ चा भाव व्याजासकट धरला तरी हातात फार काही आलं नसतं, आजचा बाजारभाव धरला तर घर विकावं लागलं असतं.

काय केलं

आधी अण्णांना एकच सांगितलं: अक्कांकडे क्षमा मागू नका. काय केलं ते लिहून द्या. त्यांनी वहीच्या पानावर पाच ओळी लिहिल्या, हात थरथरत असल्यानं दोनदा थांबून. पहिल्या मसुद्यात प्रभूचं नाव होतं आणि शेवटी "मला माफ कर" होतं. दोन्ही काढायला सांगितल्यावर वहिनींना फार लागलं. देवाचं नावही नको का, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, देवाशी त्यांचं बोलणं झालेलं आहे. हा कागद अक्कांसाठी आहे. शेवटी उरलं ते एवढंच: मी फंडाचे कागद सांगून हक्कत्यागावर सही घेतली, तुझा निम्मा वाटा माझ्याकडे आहे, तो मी परत करणार आहे.

अण्णांचा मुलगा पुण्याहून आला तेव्हा मोठा पेच पडला. असा कागद म्हणजे कोर्टातला पुरावा, तो देऊ नका, असं त्याचं म्हणणं. "पाप बाबांचं, आणि हप्ते मी का फेडायचे?" प्रश्न रास्त होता. बायबलातल्या यहेज्केलच्या अठराव्या अध्यायात मुलगा बापाच्या पापाचा भार वाहणार नाही असं स्वच्छ लिहिलं आहे, आणि त्यानं ते मला फोनवर दाखवलंही. उलट ऋग्वेदात वसिष्ठ वरुणाला विनवतो की आमच्या वडिलांच्या अपराधांपासूनही आम्हाला सोडव. फादर त्या दिवशी घरी आले होते आणि अण्णांनी स्वतः होऊन सगळ्यांदेखत विषय काढला होता, त्यामुळे ते बोलू शकले. ते मुलाला म्हणाले, पाप तुझं नाही, कबूल. पण उद्या घर तुझ्या नावावर होणार आहे, आणि त्याच्या निम्म्या जमिनीचं खरं तुला आज माहीत आहे.

मुलगा गप्प बसला. पटलं असं नाही, पण विरोध थांबला.

भावाचा तिढा वकीलकाकांनी सोडवला. घर अण्णांच्या कमाईचं, ते बाजूला ठेवायचं. निम्म्या जमिनीची आजच्या सरकारी गाइडलाइन भावानं किंमत धरायची, आणि दोन हप्ते. पहिला अण्णांच्या मुदत ठेवीतून लगेच, दुसरा मुलानं वर्षभरात. बाजारभावापेक्षा हे कमी होतं आणि ते अक्कांना स्पष्ट सांगितलं. त्यांची अट एकच होती: करार मराठीत लिहून त्यांना वाचून दाखवायचा, आणि सही त्या घरी नेऊन, दुसऱ्या दिवशी करणार. तसंच केलं.

काय निष्पन्न झालं

पहिला हप्ता अण्णा असताना दिला गेला. त्यानंतर अक्का दोनदा त्यांना भेटून गेल्या. पाच ओळींचा कागद त्यांनी ठेवून घेतला आणि म्हणाल्या, "लिहून दिलंस ते बरं केलंस." माफ केलं असं त्या म्हणाल्या नाहीत. अण्णांनीही पुन्हा मागितलं नाही. शेवटच्या आठवड्यात फादरनी आजाऱ्यांना तेल लावण्याचा संस्कार केला आणि अण्णा गेले.

दफनाला अक्का आल्या, भाचा आला नाही. वहिनींनी नंतर नवऱ्याच्या आत्म्यासाठी मिस्सा सांगितली. कॅथलिक लोक मृतांसाठी प्रार्थना करतात, कारण पाप माफ झालं तरी आत्म्याची शुद्धी बाकी राहते असं ते मानतात; शोधनस्थानाची कल्पना तीच. अक्कांनी सर्वपित्रीला भावाच्या नावानं शिधा दिला. "त्याच्या धर्मात चालतं का मला माहीत नाही, माझ्यात चालतं," एवढंच म्हणाल्या. दोघींनी एकमेकींना हे सांगितलेलं नाही, आणि सांगण्याची मला गरजही वाटली नाही.

दुसरा हप्ता रखडला. मुलानं निम्मा दिला आहे, उरलेल्यासाठी मुदत वाढवून मागितली आहे. अक्कांनी ती लेखी दिली, व्याज लावलं नाही. अण्णांना हवा होता तो शब्द मिळाला नाही, याचं वहिनींना दुःख आहे. मला या निकालात अपुरेपण दिसतं, खोटेपण दिसत नाही.

वेगळं काय करता येईल

असं प्रकरण पुढे कुणाकडे आलं तर तीन-चार गोष्टी आधीच पाहायला हव्यात. कबुली आणि क्षमेची मागणी एकाच भेटीत नको. अक्कांना फसवणूक कळायला आणि तिला माफ करायला मिळून एक मिनिट दिलं गेलं, तेही चार माणसांसमोर. तिथेच सगळं बिघडलं. पैसे ज्याच्या खिशातून जाणार तो वारस पहिल्या बैठकीपासून हवा. मुलगा उशिरा आल्यामुळे करार त्याला लादलेला वाटला, आणि हप्ता रखडण्यामागे तेही आहे.

फादरांच्या बाबतीत एक शक्यता विचारात घेण्यासारखी आहे. गुपित पाळूनही धर्मगुरू पश्चात्तापी माणसाला सांगू शकतो की हे मला कबुलीबाहेर पुन्हा सांग, म्हणजे मला मदत करता येईल. हे आठवड्याभरापूर्वी घडतं, तर अण्णा अक्कांकडे रिकाम्या हातानं गेले नसते.

आणि दुसऱ्या हप्त्याला तारण हवं होतं. अण्णांच्या हयातीत घरावर तेवढा बोजा नोंदवून घेता आला असता. वकीलकाकांनी तो मुद्दा काढलाही होता, पण अक्काच नको म्हणाल्या. भाचा आता त्यावरून आईवर रागावलेला आहे आणि मुदतवाढीच्या कागदात ती अट घालायची की नाही, यावर पुढची बैठक ठरली आहे.